अर्धी गोळी

पोहायला शिकवणाऱ्या बाईला ‘सर’ म्हणता येत नाही, आणि ‘मॅडम’ म्हटलं तर या बाई ऐकूच आलं नाही असं दाखवायच्या. म्हणून सगळे त्यांना टीचर म्हणत. तलावावरचे लोक, शेजारीपाजारी, औषधाच्या दुकानातला माणूस, सगळे. थोरला भाऊ तेवढा ‘बेडके’ अशी हाक मारायचा. रांगायच्या वयापासून ही पोर दिसेल त्या पाण्याकडे धाव घेते हे त्याने स्वतः पाहिलं होतं, आणि दोनदा तिला हौदातून ओढून बाहेरही काढलं होतं.

टीचरचा वर्ग मोठ्या माणसांचा. मुलांना पोहायला कुणीही शिकवतं, असं त्यांचं म्हणणं. मुलं पाण्याला भीत नाहीत, फक्त आईला भितात. खरी मजा पन्नाशी उलटलेल्या माणसाला पाण्यात उतरवण्यात. बँकेतला कॅशियर दोन्ही हातांनी काठाला मिठी मारून उभा आहे, चष्मा काढल्यामुळे त्याला धड दिसत नाहीये, आणि छातीएवढ्या पाण्यात त्याची बोबडी वळली आहे, असं दृश्य दिसलं की टीचरना हुरूप यायचा.

“सोडा,” त्या म्हणायच्या.

“काय सोडू?”

“काठ सोडा. तो कुठे पळून जात नाही.”

अशी वर्षामागून वर्षं गेली. त्यांच्या हाताखालून किती कॅशियर, किती शिंपी, किती आज्या तरंगून गेल्या याची गणती नाही. राहायला तलावाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. लग्नाचं कुणी विचारलं तर “माझे केस कधी वाळतच नाहीत, उभी कशी राहू लग्नाला?” म्हणून उडवून लावायच्या. एकटेपणाची त्यांना खंत नव्हती. संध्याकाळी सगळे गेले की रिकाम्या तलावात पाठीवर पडून छताच्या काचांकडे बघत राहायचं, हे त्यांचं घर होतं म्हणा ना.

आणि मग एक साधा ताप आला. ताप गेला, पण जाताना हृदयाची ताकद घेऊन गेला. आधी जिना चढताना दम लागू लागला, मग पाय सुजू लागले, मग आडवं झोपलं की गुदमरायला होऊ लागलं. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की हृदयाचा स्नायू जुन्या इलॅस्टिकसारखा सैल पडला आहे. औषधं झाली, आणखी औषधं झाली. शेवटी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावर एक धातूची वस्तू ठेवली. मुठीत मावेल एवढी. हा पंप हृदयाला जोडायचा. डाव्या कप्प्यातलं रक्त तो ओढून घेणार आणि शरीरभर ढकलणार. पंपाची वायर पोटातून बाहेर येणार, कमरेच्या कंट्रोलरला लागणार, आणि कंट्रोलर दोन बॅटऱ्यांवर चालणार. रात्री भिंतीतला प्लग. एक क्षणही वीज तुटता कामा नये.

“पोहणं?” टीचरनी विचारलं.

“नाही. तलाव नाही, टब नाही. अंघोळसुद्धा कंट्रोलर-बॅटऱ्यांवर पिशवी बांधून, जखम भरल्यावर.”

टीचरनी ती वस्तू उचलून उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाल्या, “यात बिघडतं काय?”

बाईंना हा प्रश्न आवडला असावा, कारण त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या. “पंप सहसा बिघडत नाही. भीती रक्ताची. रक्ताला परकी वस्तू लगेच कळते. धातू लागला की ते गोठायला बघतं. जिथे ओघ मंद, तिथे गुठळी धरते. ती पंपातच वाढली तर पंप अडतो. सुटून वर गेली तर मेंदूत जाऊन अडकते.”

“आमच्या तलावाला असा एक कोपरा आहे,” टीचर म्हणाल्या. “शिडीच्या मागे. पाणी फिरतं राहावं म्हणून मशीन आहे, पण त्याचा ओघ तिथे पोचत नाही. बाकी तलाव आरशासारखा, आणि तिथे बोट लावलं की बुळबुळीत.”

“मग काय करता?”

“रोज ब्रशने घासते.”

“इथे ब्रश आत घालता येत नाही. म्हणून गोळी. रक्त पातळ ठेवायची. फार पातळ झालं तर रक्त थांबत नाही, पुरेसं पातळ नसलं तर गुठळी. मधली वाट अरुंद आहे, आणि ती रोज चालायची. जन्मभर.”

पंप बसला. ऑपरेशन मोठं होतं, टीचर आठवडेच्या आठवडे हॉस्पिटलात होत्या. पण ती कहाणी सगळ्याच आजाऱ्यांची असते, इथे सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की शुद्धीवर आल्यावर त्यांना पहिली गोष्ट जाणवली ती ही, की आपण आडव्या आहोत आणि गुदमरत नाही आहोत. छातीवर हात ठेवला तर ठोका नाही, नुसती एक बारीक घरघर. लांबवर कुठे मिक्सर चालू असावा तशी. टीचर तशाच पडून ती ऐकत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांत गेलं.

आता एकटं राहणं शक्य नव्हतं. वायर जिथून बाहेर येते तिथली जखम सांभाळायला, ड्रेसिंग करायला, धोक्याची घंटा वाजली तर काय करायचं ते जाणणारं माणूस घरात हवं. भाऊ म्हणाला, “बेडके, सामान आण. संपला विषय.”

भावाचा विषय संपला, पण वहिनींचा सुरू झाला. वहिनी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायच्या. घरातच मशीन होतं. नणंद-भावजया एकमेकींना पाण्यात पाहत होत्या असं नव्हे. भांडण कधीच झालं नव्हतं. पण वीस वर्षांच्या नात्यात त्या एकमेकींना अहो-जाहो करायच्या, आणि त्या अहो-जाहोतच सगळं आलं. टीचरना वाटायचं, वहिनींना माझं उंडारणं आवडत नाही. वहिनींना वाटायचं, या बाईला पडदे शिवणं म्हणजे काम वाटत नाही. दोघींचंही थोडं थोडं खरं होतं.

हॉस्पिटलात ड्रेसिंग शिकवायला बोलावलं तेव्हा भाऊच पुढे झाला. सिस्टरनी पट्टी सोडली, पोटातून बाहेर आलेली वायर दिसली, आणि एवढा सहा फुटी, मालाची गाडी चालवणारा माणूस शहाळं पडावं तसा धप्पकन खाली. त्याला उचलून बाकावर निजवलं. वहिनींनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, हातमोज्यांचं पाकीट उघडलं आणि म्हणाल्या, “मला दाखवा.”

घरी गेल्यावर टीचरनी पाहिलं, ज्या खोलीत वहिनींचं मशीन असायचं तिथे आता आपला पलंग आहे. मशीन बाहेरच्या अरुंद बोळकांडीत गेलं होतं. वहिनी भिंतीला कोपर लागू नये म्हणून अंग चोरून शिवत होत्या. पलंगाच्या उशाला नवा प्लग बसवला होता, आणि त्यावर वहिनींच्या अक्षरात चिकटवलेली पट्टी: ‘याला कुणीही हात लावायचा नाही. इस्त्रीसाठीसुद्धा.’ बॅटऱ्या अडकवायला हॉस्पिटलने दिलेल्या पट्ट्यांनी टीचरचे खांदे दुखायचे, तर आठवड्याभरात वहिनींनी एक जाकीट शिवलं. दोन्ही कुशींत बॅटऱ्यांचे खिसे, वजन सारखं वाटलेलं, आतून एक लूप, म्हणजे वायर कुठे अडकून ओढली जाऊ नये.

“कसं बसतंय?” वहिनींनी विचारलं.

“ठीक आहे,” टीचर म्हणाल्या. जाकीट उत्तम होतं, अंगाचाच भाग असल्यासारखं. पण टीचर कुणाची स्तुती करायला शिकल्याच नव्हत्या; तलावावर त्यांची सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे “बुडाला नाहीत, बरं झालं.”

हळूहळू घडी बसली. गोळ्यांचा डबा वहिनी दर आठवड्याला भरायच्या. आठवड्यातून एकदा टीचर बोटाला टोचून थेंबभर रक्त छोट्या मशीनवर ठेवायच्या, रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा यायचा, आणि थोड्या वेळाने हॉस्पिटलातून ब्रदरचा फोन यायचा. पंप बसवलेल्या सगळ्यांची जबाबदारी या ब्रदरवर. आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा.

“बोला टीचर, आज काय भाव?”

टीचर आकडा सांगायच्या. त्यावर ब्रदर गोळी वाढवायची की कमी करायची की आहे तशी ठेवायची ते सांगणार, पाणी भरपूर पिता ना विचारणार, पालेभाजीने गोळीचा जोर कमी होतो, म्हणून ती रोज सारखीच खा, एक दिवस ढीगभर आणि चार दिवस काहीच नाही असं नको, हे शंभराव्यांदा बजावणार, आणि ठेवणार.

ठोका नसल्याची गंमतही व्हायची. टीचर पुन्हा तलावावर जाऊ लागल्या, तेव्हा नवीन लागलेला जीवरक्षक प्रथमोपचाराचा सराव करत होता. त्याने टीचरचं मनगट धरलं, बोटं इकडे लावली, तिकडे लावली, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“टीचर, तुमची नाडी...”

“गेलेली आहे,” टीचर म्हणाल्या. “तू बस खाली आधी.”

तलावावर जायला डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती ती एका अटीवर: कठड्याच्या अलीकडे, उंच खुर्चीत, पाण्याचा शिंतोडा येणार नाही अशा अंतरावर. पहिल्या दिवशी क्लोरीनचा वास नाकात गेला आणि टीचरच्या तळहातांना मुंग्या आल्या. आतून कुणीतरी ढकलत होतं, जा, जा. त्या खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या. मग कॅशियरची जागा घेतलेला नवा कुणीतरी काठाला चिकटलेला दिसला, आणि त्या ओरडल्या, “सोडा!” त्या एका शब्दाने त्या दिवसाचं निभावलं. पुढे रोजचंच निभावू लागलं. पाण्यात हात न घालता शिकवायचं म्हणजे तोंडाने शिकवावं लागतं, आणि टीचरना नवलच वाटलं की आपण बोलून इतकं काही समजावू शकतो.

हे सगळं सुरळीत चालू असताना नाकाने घात केला.

वर्ग भरात होता. टीचर श्वास कसा सोडायचा ते दाखवत होत्या, आणि ओठावर काही गरम लागलं. हात लावला तर लाल. रुमाल धरला, भिजला. दुसरा धरला, तोही भिजला. पातळ केलेलं रक्त ते, सहजी थांबणार कसं? पांढऱ्या शर्टवर ओघळ आला. पाण्यात उभ्या असलेल्या एका बाईंनी किंकाळी फोडली, सगळे घाईघाईने बाहेर निघाले, कुणी बर्फ आणतंय, कुणी मान वर करा म्हणतंय, कुणी खाली करा म्हणतंय. बऱ्याच वेळाने रक्त थांबलं. तलावाचे मॅनेजर आले होते. अबोल गृहस्थ. ते शर्टाकडे बघत म्हणाले, “टीचर, थोडे दिवस घरी आराम करा.”

बस, एवढंच. पण टीचरच्या मनाने त्या वाक्याचा पुढचा भाग स्वतःच लिहून टाकला: आणि परत येऊ नका. पाणी गेलं होतं, खोल्या गेल्या होत्या. राहिली होती ती एक उंच खुर्ची. नाकातून दोन-चार थेंब रक्त आलं म्हणून तीही जाणार?

त्या संध्याकाळी गोळी हातात घेतली तेव्हा त्यांना गोळीच्या मधोमध असलेली रेघ दिसली. रेघ रोजच असायची, पण त्या दिवशी ती जरा जास्तच दिसली. जणू अर्धी करा असं गोळीच सांगत होती. रक्त जरा घट्ट झालं तर काय बिघडलं? नाक तर थांबेल. त्यांनी अर्धी गोळी घेतली आणि उरलेली अर्धी पोहण्याच्या जुन्या चष्म्याच्या डबीत टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. आठवड्याने बोटाला टोचलं तर आकडा चांगलाच खाली आलेला. फोन वाजला.

“काय भाव?”

टीचरनी मागच्या आठवड्याचा आकडा सांगितला. नाकातून रक्त आल्याचंही बोलल्या नाहीत. घरीही शर्टवर लाल रंग सांडला असं सांगून वेळ मारून नेली होती. पुढच्या आठवड्यातही तसंच केलं. नाक मात्र खरंच थांबलं होतं, आणि टीचर स्वतःवर खूश होत्या.

मग एका सकाळी लघवीचा रंग बदलला. दूध न घातलेल्या चहासारखा.

याचा अर्थ टीचरना ठाऊक होता. पंप बसवला तेव्हा ब्रदरने सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं: हा रंग दिसला की त्या क्षणी फोन. टीचरनी पाणी सोडलं आणि स्वतःला समजावलं, रात्री पाणी कमी पडलं असेल. दिवसभर तांब्यामागून तांबे प्यायल्या. रंग फिका झाला नाही. दुपारी वहिनींना दोऱ्याची रिळं हवी होती म्हणून खाली उतरल्या, आणि वर येताना मधल्या पायरीवर बसावं लागलं. तो जुना दम. छातीतली घरघर ऐकायला त्यांनी कान दिला. ती कालच्यासारखीच आहे का, हे त्यांना ठरवता येईना.

संध्याकाळी ड्रेसिंगची वेळ झाली. वहिनींनी मास्क लावला, हातमोजे चढवले, जखम पुसली, नवी पट्टी लावली आणि नेहमीप्रमाणे कंट्रोलरचे आकडे वाचले. मग पुन्हा वाचले.

“टीचर, ही पॉवर वाढली आहे. काल एवढी नव्हती.”

“होते कधी कधी वरखाली.”

“एवढी नाही होत. पंपाला जोर का लावावा लागतोय?” वहिनी वाकल्या. “माझ्याकडे बघा जरा.”

टीचरनी पाहिलं. मास्कवरून फक्त डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत राग नव्हता, संशय नव्हता, नुसती भीती होती. आपल्यासाठी कुणी इतकं भ्यालेलं टीचरनी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. नाक, मॅनेजर, रेघ, अर्धी गोळी, खोटा आकडा, सकाळचा रंग. एका दमात.

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्या ओरडल्या नाहीत. फोन लावला, ब्रदरला तीन वाक्यांत सगळं कळवलं, नवऱ्याला हाक मारून गाडी काढायला लावली, भरलेल्या जास्तीच्या बॅटऱ्या पिशवीत टाकल्या आणि टीचरना धरून जिना उतरवला. गाडीत टीचर काहीतरी बोलू लागल्या. मला माफ, असं काहीसं.

“गप्प बस,” वहिनी म्हणाल्या. “तू काही बोलू नकोस. तू फक्त श्वास घे.”

पुढे भाऊ गाडी हाणत होता, बाहेर दिव्यांच्या रांगा मागे पळत होत्या. टीचर श्वास घेत होत्या, आणि एवढ्या धाकधुकीतही त्यांच्या कानांनी ते टिपलं होतं. तू. वीस वर्षांत पहिल्यांदा.

पंपात गुठळी धरू लागली होती. तिच्यावर घासून रक्ताच्या पेशी फुटत होत्या, आणि त्याचाच रंग लघवीला येत होता. डॉक्टरीणबाईंनी गोड बोलून झाकलं नाही. गुठळी आणखी वाढू नये म्हणून शिरेतून औषध चालू केलं होतं. लवकर आलात म्हणून संधी आहे. शरीर ती गुठळी विरघळवेल अशी आशा. नाही विरघळली, तर छाती पुन्हा उघडून पंप बदलावा लागेल. दोन-तीन दिवसांत कळेल.

दुसऱ्या दिवशी ब्रदर खाटेपाशी आला. टीचर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या; आता हा वॉर्ड दणाणून सोडणार, अशी त्यांची खात्री होती. पण ब्रदर स्टूल ओढून बसला, आणि त्या आवाजाला जमेल तितक्या हळू म्हणाला, “टीचर, मी दर आठवड्याला तुमच्या आकड्याची काळजी घेतो. तुम्ही खोटा आकडा दिलात, तर मी एका खोट्या बाईची काळजी घेत बसलो. खऱ्या बाईकडे कोण बघणार?”

टीचर त्याच्याकडे वळल्या.

“आणि का, तर नाक?”

“वर्ग बंद पडला असता.”

“अहो, नाकाला डॉक्टर आहे! वेगळा! दोन मजले खाली बसतो!” आता मात्र आवाज नेहमीच्या उंचीला गेला आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी डोळे उघडले. “फुटणारी शीर बंद करतात, मलम देतात. गरज वाटली तर डॉक्टरीणबाई तुमचा आकडा किती ठेवायचा तेही पुन्हा बघतात. एक फोन. रक्त आलं तरी फोन, नाही आलं तरी फोन. मी कशाला बसलोय इथे?”

टीचर हसल्या, आणि हसता हसता रडल्या. त्यांनी वहिनींना चष्म्याची डबी आणायला सांगितली होती. ती उघडून ब्रदरपुढे धरली. त्याने अर्ध्या गोळ्यांकडे पाहिलं, मान हलवली आणि डबी रिकामी करून परत दिली. “चष्मा ठेवा यात,” म्हणाला.

मग सुरू झाला रंगांचा खेळ. दर वेळी भांडं उजेडात धरायचं आणि बघायचं. पहिला दिवस चहा. दुसरा दिवस चहाच. बाहेरच्या बाकावर भाऊ गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता; आत यायची त्याची छाती होत नव्हती, आणि घरी जायचीही. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी भांडं खिडकीपाशी नेलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि दारात जाऊन भर कॉरिडॉरमध्ये ओरडल्या, “अहो! पिवळी! लिंबाच्या सरबतासारखी!”

बाकावरचा भाऊ उठला. शेजारून दोन अनोळखी माणसं हातात डबे घेऊन चालली होती, तीही थांबली. भावाने त्यातल्या एकाचा हात हातात घेऊन गदागदा हलवला आणि म्हणाला, “सरबत पुन्हा कधी घेणार नाही, पण फार चांगली बातमी आहे.”

रक्ताच्या तपासण्यांनीही तेच सांगितलं. पंपाची पॉवर खाली आली. छाती उघडावी लागली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दर वेळी असं होत नाही,” आणि टीचरनी मान डोलावली. ते त्यांना पक्कं समजलं होतं. दुपारी त्या वहिनींना म्हणाल्या, “वहिनी, एक सांगायचं राहिलं होतं.”

“आता काय आणखी लपवलंय?” वहिनी दचकल्या.

“जाकीट फार छान झालंय. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

वहिनींनी हातातलं केळं सोलायचं थांबवलं. त्यांना एवढ्या दिवसांत रडू आलं नव्हतं, ते आता आलं. “तुझ्या खांद्यांचं माप मी तू झोपलेली असताना घेतलं होतं,” त्या म्हणाल्या. “जागेपणी तू उभी राहिली असतीस का?”

“नसते राहिले,” टीचर म्हणाल्या.

घरी आल्यावर टीचरनी पहिलं काम केलं ते म्हणजे बोळकांडीतलं शिवणाचं मशीन भावाकरवी उचलून आपल्या खोलीत, खिडकीखाली आणवलं. पलंग भिंतीला सरकवला की जागा होत होती. इतके दिवस कुणी सरकवून बघितला नव्हता एवढंच. दुपारी वहिनी शिवायच्या, टीचर धागे कापायच्या. कात्री मात्र बोथट टोकाची, ती वहिनींनीच शोधून आणली होती. बोटाला टोचायचं मशीनही आता जेवणाच्या टेबलावर आलं. आकडा आला की टीचर तो मोठ्याने वाचायच्या, आणि भाऊ पेपरातून डोकं वर काढून विचारायचा, “पास का?”

नाकाच्या डॉक्टरने शीर बंद केली. पाच मिनिटांचं काम.

तलावावर जायचं टीचर टाळत होत्या. शेवटी मॅनेजरांचाच फोन आला, आराम झाला का म्हणून. त्या गेल्या. उंच खुर्ची जागेवर होती. तिच्या बाजूला काचेचा आडोसा उभा केला होता, कारण मॅनेजरांना कुणी सांगितलं होतं की कोरड्या वाऱ्याने नाक फुटतं. वर्गातले लोक उथळ भागात उभे होते. टीचर नसताना ते रोज येत होते, काठाला धरून पाय मारत होते आणि एकमेकांना “सोडा, सोडा” म्हणत होते. सोडत कुणीच नव्हतं.

“मला वाटलं, तुम्ही मला काढून टाकलंत,” टीचर मॅनेजरांना म्हणाल्या.

मॅनेजर गोंधळले. “आराम करा म्हटलं होतं मी.”

“हो, पण...”

“आराम करा म्हणजे आराम करा,” ते म्हणाले, आणि एवढं लांबलचक भाषण केल्यामुळे लाजून ऑफिसात निघून गेले.

टीचर खुर्चीत बसल्या. एका साध्या वाक्याला आपण केवढी शेपटी जोडली होती, आणि ती जवळजवळ जिवावर बेतली होती, याचं त्यांना हसूही आलं आणि अंगावर काटाही. मग वर्ग सुरू झाला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पंप चालू आहे. टीचरचे केस पांढरे झाले. वाळलेले असतात ते आता, म्हणून लग्नाला काही हरकत नाही असं भाऊ चिडवतो. ज्यांच्यामुळे आपण आहोत त्यांची यादी टीचर मनातल्या मनात करत नाहीत, तेवढा त्यांचा स्वभाव नाही. पण पूर्वी ज्या गोष्टी त्या गिळून टाकायच्या त्या आता बोलतात. “चांगलं केलंत” म्हणतात. “दुखतंय” म्हणतात. “भीती वाटतेय” हेसुद्धा म्हणतात, आणि हे शब्द तोंडातून काढताना अजून जरा अडखळतात.

मागच्या आठवड्यात वर्गाला एक नवा माणूस आला. घरं रंगवायचं काम करणारा, दणकट, नखांत अजून निळा रंग. शिडीवर चौथ्या मजल्यापर्यंत चढतो, पण पाण्याच्या दोन पायऱ्या उतरवेनात. त्याने खुर्चीतल्या टीचरकडे वळून जरा रागानेच विचारलं, “तुम्ही स्वतः का नाही उतरत?”

टीचरनी जाकिटाची एक बाजू उघडून बॅटरी दाखवली आणि थोडक्यात सांगितलं. तो माणूस ओशाळला. मग म्हणाला, “मग तुम्हाला नाही भीती वाटत? आत ते चालू आहे, बंद पडलं तर?”

“वाटते ना,” टीचर म्हणाल्या. “पण बघणारे पुष्कळ आहेत. वहिनी आहे, भाऊ आहे, तो ओरडणारा ब्रदर आहे. तसं तुमच्याकडे बघायला मी आहे, तो जीवरक्षक आहे. आता खाली बघा. तळ दिसतोय?”

“दिसतोय.”

“तुमच्या कमरेएवढंच पाणी आहे. उतरा.”

रंगारी एक पायरी उतरला. थांबला. दुसरी उतरला. पाणी पोटाला लागलं तशी त्याने मोठ्याने ‘आई गं’ केलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या बायका हसल्या, आणि तोही हसला. टीचरनी बाटली उचलून पाण्याचा मोठा घोट घेतला. पाणी भरपूर प्यायचं असतं. बाटली खाली ठेवून त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

“हं, आता श्वास घ्या,” त्या म्हणाल्या.